शंभरात किती?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं वाशिमला या व्याख्यानमालेत जमता, ते शाळेत गणित शिकवायचे. म्हणून निमंत्रण आलं तेव्हा मी कार्यकर्त्यांना म्हणालो, रक्ताच्या आजारांवर बोलतो, पण त्यातल्या गणितावर बोलू द्या. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक ॲनिमिया या आजारांत दुसऱ्या माणसाच्या मूळपेशी देऊन रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. होऊ शकतो, होतोच असं नाही. कोण बरा होईल आणि कोण दगावेल याचा अंदाज आधी बांधता येतो का, आणि बांधला तर त्याचं करायचं काय, हा आजचा विषय आहे.

रक्तविकारांच्या वॉर्डात काम करताना हा प्रश्न सतत समोर येतो. शहरातले पालक 'सक्सेस रेट' विचारतात. आपल्याकडचा बाप सरळ विचारतो, "साहेब, पोरगं वाचीन का?" मग त्याला आकडा सांगावा लागतो. शंभरात ऐंशी, शंभरात साठ. तो ऐकून कुणी दोन एकर विकायला काढतो, कुणी मुलाला उचलून घरी नेतो. एवढा निर्णय ज्याच्या भरवशावर होतो तो आकडा कुठून येतो, कुणाच्या हिशेबातून येतो, हे त्या बापाला कळायला हवं. माझं म्हणणं मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा आकडा सटवाईनं कपाळावर लिहिलेला नाही. त्याचा मोठा भाग रुग्ण प्रत्यारोपणाच्या खोलीत शिरण्याआधी, इथं तालुक्याच्या गावी ठरतो. आणि ज्या नोंदींवरून तो काढतात, त्या नोंदींत आपली माणसं फार थोडी आहेत.

आधी उपचार थोडक्यात समजून घेऊ. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. प्रत्यारोपणात काही दिवस जबर केमो देऊन, कधी किरणोत्सर्ग देऊन, रुग्णाचा मगज रिकामा करतात. मग ठरलेल्या दिवशी, ज्याला आम्ही 'डे झिरो' म्हणतो, दात्याच्या मूळपेशींची पिशवी साध्या रक्तासारखी शिरेतून लावतात. त्या पेशी आपापल्या वाटेनं हाडांत पोचतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी पांढऱ्या पेशींचा काउंट वर येऊ लागतो. दरम्यान शरीरात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, त्या काळात जंतुसंसर्गानं मृत्यू येऊ शकतो. नव्या पेशी रुजल्याच नाहीत तर तो दुसरा धोका. रुजल्या, पण त्यांना रुग्णाचं शरीरच परकं वाटलं, तर त्या त्वचेवर, लिव्हरवर, आतड्यांवर हल्ला करतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. आणि कर्करोग असेल तर तो परत येणं हा चौथा धोका. जीव्हीएचडी घडवणाऱ्या त्याच पेशी लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारतात, त्यामुळे एक धोका फार दाबला की दुसरा वाढतो. 'वाचेल का' या एका प्रश्नाच्या पोटात असे चार प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

दाता जुळणं म्हणजे एचएलए जुळणं. फ्रान्सचे जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये या शोधाची सुरुवात केली, पुढे १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. म्हणून सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. रक्तगट वेगळा असला तरी चालतो, हे लोकांना खरं वाटत नाही, पण ते खरं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत बसवली, तेव्हापासून अर्धा जुळणारा दाताही चालू लागला. म्हणजे आता आई किंवा बाप स्वतः दाता होऊ शकतात.

या उपचाराची सुरुवात अपयशांनी झाली. अमेरिकेतल्या डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांची हकीकत छापली. सहाही जण शंभर दिवसांच्या आत गेले. १९७० मध्ये मॉर्टिमर बॉर्टिन या अमेरिकन डॉक्टरनं तोवर जगात नोंदल्या गेलेल्या २०३ प्रत्यारोपणांची यादी प्रसिद्ध केली. बहुतेक नोंदींपुढे मृत्यूच होता. या यादीबद्दल मला फार आदर वाटतो. अपयश लपवण्याची मुभा असताना कुणीतरी ते ओळीनं मांडलं. त्याच माणसाच्या पुढाकारानं १९७२ मध्ये मिलवॉकीला आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, आणि आज जगभर जे अंदाज बांधले जातात त्यांचं मूळ अशा नोंदवह्यांत आहे. थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. त्यांच्या सिएटलच्या केंद्रात शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीवरून काम करत आले आहेत. टाटाचा हा विभाग २००७ मध्ये टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात गेला, आणि विदर्भातले कितीतरी रुग्ण आजही तिथंच जातात.

आता अंदाजाकडे येतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकून पेरणीचा बेत ठरवला असेल. वैद्यकातल्या भाकिताला मात्र एक जास्तीची अट आहे. भाकिताचं पुढे काय झालं ते प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. ज्यांना 'शंभरात सत्तर' सांगितलं, त्या शंभरांतले खरोखर सत्तरच्या आसपास जगले का, ते मोजायचं. पन्नासच जगले असतील तर सांगणाऱ्यानं पद्धत बदलायची. ही अट पाळली जात नसेल तर पांढरा कोट घालून सांगितलेल्या आकड्यालाही काही अर्थ नाही.

या अटीवर उतरलेलं एक उदाहरण मी सविस्तर सांगणार आहे, कारण ते आपल्या जिल्ह्याला थेट लागू आहे. ते थॅलेसेमियाचं आहे.

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लावावं लागतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गानं माणसाला दिलेली नाही. ते लिव्हरमध्ये, हृदयात, ग्रंथींत साठत जातं. म्हणून लोह काढण्याचं औषध रोज घ्यावं लागतं. दुसरीकडे, रक्त कमी पडलं तर शरीर स्वतःच रक्त बनवण्याची धडपड करतं, मगज लिव्हर आणि प्लीहेपर्यंत पसरतो, पोट पुढे येतं, चेहऱ्याची हाडं रुंदावतात.

इटलीत एड्रियाटिक समुद्राच्या काठी पेझारो नावाचं गाव आहे. तिथं डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांनी सोळा वर्षांखालच्या थॅलेसेमियाच्या मुलांवर प्रत्यारोपणं केली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. लिव्हर बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलंय का? लिव्हरच्या तुकड्यात तंतुमय जून झालेला भाग दिसतो का? लोह काढण्याचं औषध नियमित घेतलं होतं का? तिन्ही उत्तरं चांगली, तर पहिला वर्ग. एक-दोन वाईट, तर दुसरा. तिन्ही वाईट, तर तिसरा. पहिल्या वर्गातल्या मुलांची जगण्याची शक्यता शंभरात ९४ निघाली, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ६१.

हे तीन प्रश्न पुन्हा नीट बघा. यात मुलाच्या जनुकांबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टर कोण, यंत्र कोणतं, हेही नाही. तिन्ही प्रश्न आधीच्या वर्षांत त्याची काळजी कशी घेतली गेली याचेच आहेत. ९४ आणि ६१ मधला तेहतीस मुलांचा फरक प्रत्यारोपणाच्या खोलीबाहेर, वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या खेपांत आणि औषधांच्या डब्यांत पडलेला आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ पासून प्रत्यारोपणं होत आहेत. तिथं पेझारोचं माप लावलं तर एक अडचण दिसू लागली. आपल्याकडे येणारी फार मोठ्या संख्येनं मुलं तिसऱ्याच वर्गात बसत होती. पण त्या एका वर्गातली सगळी मुलं सारखी नव्हती. काही बरी होऊन जात, काहींचं लिव्हर प्रत्यारोपणाच्या औषधांनीच बंद पडे. डॉ. विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या वर्गाचे दोन भाग पाडले. वय सात वर्षं किंवा अधिक, आणि लिव्हर पाच सेंटिमीटर किंवा अधिक उतरलेलं, अशी मुलं सर्वांत जास्त धोक्याची. त्यांच्यातली निम्मीसुद्धा जगत नव्हती. इटलीत असा गट वेगळा काढण्याची गरज पडली नव्हती, कारण तिथं मुलांना वेळेवर रक्त आणि औषध मिळत होतं. आपल्या दारिद्र्यानं एक नवा वर्ग तयार केला होता, आणि तो आपल्याच डॉक्टरांनी आपल्याच नोंदींतून शोधला.

ते तिथं थांबले नाहीत. कोणाला धोका आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच मुलांसाठी औषधं बदलली. लिव्हरला जड जाणाऱ्या बुसल्फानऐवजी ट्रिओसल्फान वापरलं. २०१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत त्याच गटातली जगणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढलेली दिसली. आधीचं भाकीत आता खोटं ठरलं होतं, आणि ते खोटं पाडण्यासाठीच ते केलेलं होतं. भारतीय वैद्यकातलं हे मला फार मोठं काम वाटतं. महाराष्ट्रात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

आता रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या मुलाचा विचार करा. रक्तासाठी अकोला किंवा नांदेड गाठायचं, एका खेपेला बापाचा किंवा आईचा रोज बुडतो. उन्हाळ्यात महाविद्यालयं बंद, शिबिरं कमी, पेढीत रक्ताचा तुटवडा. रक्त लावण्याआधीचं हिमोग्लोबिन नऊच्या वर ठेवावं असं शास्त्र सांगतं. पण पोर हिंडतंय-फिरतंय ना, मग पुढच्या आठवड्यात जाऊ, असं होतं आणि ते पाच-सहावर येऊन ठेपतं. लोह काढणारी गोळी संपली की पुन्हा आणायला महिना जातो. यातल्या कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, त्या आईबापांनी केलेली धडपड मी जवळून बघितली आहे. पण लांबलेली प्रत्येक खेप त्या मुलाला पहिल्या वर्गातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलत असते. मुंबईच्या डॉक्टरनं पुढे सांगितलेला आकडा म्हणजे या सगळ्याची बेरीज असते.

सिकलसेलचं गणित थोडं निराळं आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद जगापुढे ठेवली, म्हणजे विदर्भाला हा आजार माहीत होऊन दोन पिढ्या झाल्या. केंद्र सरकारचं निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. सख्ख्या जुळणाऱ्या भावंडाकडून मूळपेशी घेतलेल्या एक हजार सिकलसेल रुग्णांची आंतरराष्ट्रीय पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी सोळा वर्षांखालचे शंभरात ९५ हयात होते, सोळा आणि त्यापुढचे ८१. इथंही वयानं, म्हणजे उशिरानं, आकडा पाडला. पण सिकलसेलचा मुलगा हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर बरीच वर्षं चांगला राहू शकतो. त्यामुळे आज घरी सुखरूप असलेल्या मुलाला शंभरात पाचाच्या धोक्यात घालायचं का, हा प्रश्न आईबापांना छळतो. त्याचं उत्तर प्रत्यारोपणाचा एकटा आकडा देऊ शकत नाही. प्रत्यारोपण न करता दहा-वीस वर्षांनी काय होईल, त्याचाही आकडा बाजूला ठेवावा लागतो. वारंवार छातीत त्रास, मेंदूचा झटका, असं झालेल्या मुलात पारडं प्रत्यारोपणाकडे झुकतं. ज्याला वर्षातून एकदा हातपाय दुखतात त्याच्यात झुकत नाही.

रक्ताच्या कर्करोगात मोठ्या माणसांसाठी वेगळी मापं आहेत, ती मी भराभर सांगतो. युरोपातल्या ग्राटवोल यांचं माप पाच गोष्टी बघतं: वय, आजाराचा टप्पा, निदान होऊन किती काळ गेला, दाता नात्यातला की बाहेरचा, आणि स्त्री दात्याकडून पुरुष रुग्णाला दिलं जातंय का. सिएटलचे मोहम्मद सोरोर यांनी २००५ मध्ये १,०५५ रुग्णांवरून दुसरं माप बनवलं. त्यात हृदय, फुप्फुस, लिव्हर, मधुमेह अशा सतरा सहव्याधींना गुण दिले जातात. शून्य गुण असलेल्यांत दोन वर्षांत उपचाराच्याच त्रासानं दगावणारे शंभरात १४ होते, एक-दोन गुणांत २१, तीन किंवा अधिक गुणांत ४१. वय साठ म्हणून नाही म्हणायचं आणि चाळीस म्हणून हो, ही जुनी रीत या मापानं मोडली. साठीचा निरोगी शेतकरी चाळिशीच्या आजारी दुकानदारापेक्षा तग धरू शकतो.

स्त्री दात्याच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण त्याचा चुकीचा अर्थ घेतला जातो. बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो, विशेषतः तिला मुलं झाली असतील तर. पण म्हणून बहीण चालत नाही असं मुळीच नाही. जुळणारी बहीण ही उत्तम दाता आहे. लग्न झालेल्या मुलीला सासरचे 'अशक्तपणा येईल' म्हणून पाठवत नाहीत, तेव्हा एक जीव जातो. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग रक्तातून यंत्रानं मूळपेशी वेगळ्या काढतात. किंवा भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज घेतात. जेवढं घेतलं तेवढं शरीर पुन्हा भरून काढतं.

संगणकानं हे सगळं जास्त अचूक करता येईल, अशी आशा आता सगळीकडे आहे. इस्रायलचे रोनी शुव्हाल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये युरोपच्या नोंदवहीतले २८,२३६ रुग्ण घेऊन संगणकाला शिकवलं आणि शंभर दिवसांतल्या मृत्यूचा अंदाज बांधला. अचूकतेचं माप ०.७० आलं. म्हणजे एक दगावलेला आणि एक जगलेला अशा दहा जोड्या समोर ठेवल्या, तर सात जोड्यांत संगणकानं धोक्यातला रुग्ण बरोबर ओळखला. नाणं उडवलं असतं तर पाच ओळखले गेले असते. जुन्या कागदी मापापेक्षा हे थोडंच सरस होतं. एवढे रुग्ण, एवढा संगणक, आणि सुधारणा एवढीच, याचं कारण मला असं वाटतं की कमतरता हिशेबाची नाही, माहितीची आहे. जे विचारलंच नाही ते संगणक शोधून काढू शकत नाही.

अमेरिकेच्या प्रत्यारोपण-नोंदणीसंस्थेनं २०२४ च्या डिसेंबरात संगणकतज्ज्ञांसाठी एक खुली स्पर्धा लावली होती. प्रत्यारोपणानंतरच्या जगण्याचा अंदाज बांधायचा, पण गुण देताना वंशगटानुसार वेगवेगळी अचूकता मोजायची. एका गटात उत्तम आणि दुसऱ्यात वाईट ठरणाऱ्या पद्धतीचे गुण कापले जात. हा विचार मला अतिशय योग्य वाटतो. सरासरीत अचूक असलेली पद्धत गरिबांच्या, अल्पसंख्याकांच्या बाबतीत साफ चुकू शकते. पण त्या स्पर्धेतही आपण कुठे होतो? आशियाई नावाच्या एका रकान्यात. त्या रकान्यात अमेरिकेत राहणारे जपानी, चिनी, कोरियन आणि भारतीय डॉक्टर-इंजिनिअरांची कुटुंबं एकत्र आहेत. मंगरूळपीरच्या शेतमजुराची मुलगी त्यात नाही.

तिच्याबाबत कोणत्या गोष्टी विचारायला हव्यात, त्या सांगतो. तिच्या आतड्यांत कोणते जंतू आहेत? आपल्याकडे प्रतिजैविकं इतकी सैल वापरली गेली आहेत की अनेकांच्या आतड्यांत सर्वांत तगड्या औषधांनाही न जुमानणारे जंतू घर करून असतात. काउंट शून्यावर गेला की तेच रक्तात उतरतात. वेल्लोर, मुंबई, दिल्लीच्या वॉर्डांत जीव घेणारी ही गोष्ट सिएटलच्या सतरा सहव्याधींत नाही. घरात क्षयाचा रुग्ण होता का? वजन वयाप्रमाणे आहे का? तिच्यासोबत महिनोन्‌महिने राहायला कोण येणार, आणि मागे घरी लहान भावंडांकडे कोण बघणार? सुटी मिळाल्यावर शंभर दिवस रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहण्याची ऐपत आहे का? आणि परतल्यावर ती राहणार कुठे? सोयाबीनची मळणी चालू असलेल्या अंगणात, ओलं कुटार रचलेल्या गोठ्याशेजारी? बुरशीचे बीजाणू अशा ठिकाणी हवेत भरलेले असतात, आणि जीव्हीएचडीसाठी स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती बुरशी वाढते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, नागपूर जवळ आलं, हे चांगलंच झालं. पण रात्री दोन वाजता ताप चढलेल्या रुग्णाला पहिलं प्रतिजैविक तासाभरात मिळायला हवं, आणि ते नागपूरला नाही, इथंच मिळायला हवं.

भाकीत एकदा करून संपतही नाही. प्रत्यारोपणानंतर सातव्या दिवशीच्या रक्तात एसटी-टू आणि रेग-थ्री-अल्फा ही दोन प्रथिनं मोजून, अंगावर पुरळ उठण्याआधीच जीव्हीएचडी घातक होईल का याचा अंदाज बांधण्याचं काम अमेरिका आणि युरोपातल्या केंद्रांनी केलं आहे. आकडा दर आठवड्याला बदलतो. डे झिरोला साठ असलेला शंभराव्या दिवशी नव्वद होऊ शकतो. हे पालकांना सांगायला डॉक्टर विसरतात, आणि पालक पहिलाच आकडा मनात धरून बसतात.

शेवटचा मुद्दा गणिताचाच. जगण्याची टक्केवारी काढण्याची रीत कॅप्लान आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दिली, आणि आजही तीच चालते. या रीतीत एक गृहीतक आहे. जे रुग्ण तपासणीला यायचे थांबले, त्यांचं पुढे साधारण तेच झालं असेल जे येत राहिलेल्यांचं झालं. मिलवॉकीत हे खपून जातं, कारण तिथं थांबणारे कमी. आपल्याकडे काय होतं? एक रुग्ण गावीच दगावतो, घरचे दुःखात, रुग्णालयाला कोण कळवणार? दुसरा ठणठणीत बरा होऊन शेतात राबतोय, त्याला मुंबईचं भाडं परवडत नाही. नोंदवहीत दोघांपुढे एकच शेरा: 'संपर्क तुटला'. मेलेले जास्त गळाले तर आकडा खोटा चांगला दिसतो, बरे झालेले जास्त गळाले तर खोटा वाईट. दोन्ही खोटे आकडे पुढच्या बापाला सांगितले जातात, आणि तो त्यावर जमीन विकतो किंवा मुलाला घरी नेतो.

म्हणून माझं काही मागणं आहे. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. या महाविद्यालयानं जिल्ह्यातल्या प्रत्येक थॅलेसेमिया आणि सिकलसेल रुग्णाची एक वही ठेवावी. त्यात रक्त लावण्याआधीचं हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे साठलेल्या लोहाचं माप, आणि लिव्हर किती सेंटिमीटर उतरलंय, एवढं दर तीन महिन्यांनी लिहावं. टेपपट्टी आणि चार ओळी, यापेक्षा जास्त काही लागत नाही. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला ताप आला तर रात्री काय करायचं, याचा कागद खारघरहून, नागपूरहून मागवून इथल्या अपघात विभागात लावावा. थॅलेसेमिया झालेल्या लहान मुलाला जुळणारं भावंड असेल तर कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून २०१७ पासून दहा लाखांपर्यंत मदत मिळते. हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तिसरा वर्ग होईपर्यंत वाट बघू नका, दोन-तीन वर्षांच्या मुलाचीच एचएलए तपासणी करून घ्या. लग्न ठरवताना किंवा निदान गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत एचपीएलसी ही वाहक ओळखणारी रक्ततपासणी करून घ्या. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळू शकतं. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी मे महिन्यात रक्त द्यावं, आणि गालाच्या आतून नमुना देऊन दात्यांच्या नोंदणीत नाव घालावं. चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून हे काम करते. भारतीय रुग्णाला जुळणारा अनोळखी दाता बहुधा भारतीयच असतो.

आणि इथं बसलेल्या प्रत्येकाला एक विनंती. तुमच्या गावात, भावकीत, प्रत्यारोपण झालेला कुणी असेल आणि त्याचं तपासणीला जाणं थांबलं असेल, तर त्याच्या फाईलवर रुग्णालयाचा नंबर असतो. त्या नंबरावर फोन करा आणि तो कसा आहे ते कळवा. बरा असेल तर बरा आहे म्हणून सांगा. गेला असेल, तर कोणत्या महिन्यात आणि कशानं गेला, तेही सांगा.